कँडीचं तळं

चन्नम्माने खिडकी उघडली आणि लिंगपूजेचं फूल खाली वाळूत टाकलं. निर्माल्य कुठं टाकायचं हे या हॉटेलात कुणाला विचारावं, ते तीन दिवसांत तिला कळलं नव्हतं. खाली नारळीची झाडं होती, त्यांच्यापलीकडे समुद्र. पाण्याचा रंग आज वेगळाच होता.

"अवो, बघा की. पाणी आज हिरवं दिसतंय."

महालिंग खुर्चीत वाकून बुटाची नाडी बांधत होते.

"हं," ते म्हणाले. "गाडी यायची वेळ झाली. आटप."

कोल्हापूरच्या शाहूपुरीत महालिंग पट्टणशेट्टींची गुळाची अडत होती. घरात चौदा माणसं. धाकट्या मुलीचं लग्न पंचावन्न साली झालं. जावई बंगलोरला एका प्रवासी कंपनीत होता. 'तुम्ही दोघं जोडीनं कधी कुठं गेलाच न्हाईसा,' असं मुलगी म्हणाली आणि जावयाने सगळं ठरवूनच टाकलं. धनुष्कोडीपर्यंत आगगाडी, पुढं बोट, सिलोनात कोलंबोजवळ समुद्राकाठचं हॉटेल, फिरायला मोटार. दुकान थोरल्या ईरप्पावर सोपवून महालिंग निघाले. निघताना गल्लीतल्या बायकांनी चन्नम्माची ओटी भरली. लंकेत जाणारी त्या गल्लीतली ती पहिलीच बाई.

एकतीस वर्षांच्या संसारात दोघंच एका खोलीत, दिवसाउजेडी, काही काम नसताना, अशी ती कधी बसली नव्हती. घरी बोलायला विषय लागायचा नाही, माणसं असायची. सासूचं औषध, हमालांचं जेवण, नातवाची खोड. इथं ते काहीच नव्हतं. जेवणघरात म्हातारा वाढपी यायचा. त्याने अंबाड्यात कासवाच्या पाठीचा अर्धगोल कंगवा खोचलेला असायचा. पहिल्या दिवशी तो बघून चन्नम्माला असं हसू आलं, की तिने पदर तोंडाशी धरला आणि नवऱ्याकडं पाहिलं. महालिंग मद्रासहून आणलेला शिळा पेपर वाचत होते. मासळीचा वास आला की फक्त पेपर थोडा वर व्हायचा. तिचं हसू तसंच राहिलं.

संध्याकाळी ते वाळूवर फिरायला जात. ते पुढं, ती दहा पावलं मागं. कोल्हापुरात गर्दीतून चालताना हे कधी जाणवलं नव्हतं. इथल्या मोकळ्या किनाऱ्यावर ती दहा पावलं तिला मोजता येत होती.

मोटार आली. ड्रायव्हर तमिळ होता. महालिंग त्याच्या शेजारी पुढं बसले आणि अर्धी कानडी, अर्धं तमिळ असं जुळवत त्याच्याशी रबराच्या झाडांबद्दल बोलत राहिले. मागच्या रुंद बाकावर चन्नम्मा एकटी होती. वाटेत नदीत हत्ती अंघोळ करत होते. ती खिडकीला चिकटली. "हत्ती," ती म्हणाली. पुढं रबराचा भाव चालला होता.

कँडीला पोचले तेव्हा ऊन वर आलं होतं. त्या दिवशी पौर्णिमा होती. बुद्धाच्या दाताच्या देवळाकडं पांढऱ्या कपड्यांतली माणसं नुसती लोटत होती. महालिंगांचा गुलाबी पटका तेवढा त्या पांढऱ्यात उठून दिसत होता, आणि चन्नम्मा त्यावर नजर ठेवून चालत होती. दारापाशी एक बाई फुलं विकत बसली होती. कमळाची मिटलेली पाकळी ती अंगठ्याने अलगद मागं दुमडायची, मग दुसरी, मग तिसरी. बघता बघता कळीचं फूल व्हायचं. चन्नम्मा थांबली. बाईने वर पाहिलं, हसली आणि एक कळी तिच्या हातात दिली. चन्नम्माने पाकळ्या दुमडून बघितल्या. तिसऱ्या पाकळीला जमलं.

तिने मान वर केली तेव्हा पटका कुठंच नव्हता.

ती आत गेली, माणसांच्या रेट्याने पुन्हा बाहेर आली. इथं कुणाला काय विचारणार? रस्त्यापलीकडं तळं होतं, आपल्या रंकाळ्याहून लहान, काठाला पांढरा कठडा. ती कठड्याजवळ एका झाडाच्या बुंध्याशी जाऊन बसली. इथून देवळाचं दार दिसत होतं. ते तिथूनच बाहेर पडणार, असं तिने स्वतःला सांगितलं.

बऱ्याच वेळाने पटका दारातून बाहेर आला.

ती उठायला लागली. मग थांबली.

महालिंग पायऱ्यांवर उभे राहून इकडंतिकडं बघत होते. ते खाली उतरले, पुन्हा वर चढले. पोलीस दिसला तसे त्याच्याकडं जवळजवळ धावले. पोलिसाला काही कळेना. महालिंगांनी हात छातीपाशी आडवा धरला: एवढी उंच. मग पदर डोक्यावरून घेतल्यासारखा हात फिरवला. पोलिसाने मान हलवली. तेव्हा त्यांनी स्वतःच्या कानाच्या वरच्या पाळीला चिमूट लावली आणि बोटाने तिथं एक बारीक गोल काढून दाखवला.

चन्नम्माचा हात कानाकडं गेला. बुगड्या मुलीच्या लग्नात नव्या केलेल्या. त्या घालून ती त्यांच्यासमोर चारदा येऊन गेली होती, आणि ते काहीही बोलले नव्हते.

हाक मारली असती तर ऐकू गेली असती. तिने मारली नाही. आयुष्यभर तिने याला शोधलं होतं. जत्रेत, लग्नात, स्टेशनात, गर्दीत पटका शोधत ती चालली होती. तो आपल्याला शोधताना कसा दिसतो, हे ती पहिल्यांदा बघत होती. अजून थोडं, असं तिला वाटलं. अजून थोडंच.

महालिंग रस्त्याच्या मधोमध आले.

"अगं ए!" त्यांनी हाक घातली. दोन-चार माणसं वळली. मग आवाज फाटला. "चन्नम्मा! ए चन्नम्मा!"

घरात ती ईरप्पाची आई होती. हे नाव त्यांच्या तोंडून शेवटचं कधी ऐकलं, ते तिला आठवेना.

कुणी ओ दिली नाही. महालिंग मागं फिरले आणि देवळाच्या खालच्या पायरीवर मटकन बसले. त्यांनी पटका काढला. त्यांचं टक्कल उन्हात चमकलं. पटक्याचं टोक डोळ्यांवर दाबून ते तसेच बसून राहिले, आणि त्यांचे खांदे हलायला लागले. येणारी-जाणारी माणसं त्यांना वळसा घालून जात होती.

चन्नम्मा ताडकन उठली. चारचौघांत बोडक्या डोक्याने बसलेला हा माणूस तिला बघवेना. पण ती सरळ गेली नाही. तळ्याच्या काठाने लांब वळसा घेऊन, गर्दीत शिरून, ती देवळाच्या बाजूने आली. येताना मुद्दाम जोरात खाकरली. पाठमोऱ्या महालिंगांनी घाईघाईने पटका डोक्यावर ठेवला.

"कुठं गेलतीस?" ते वळून गरजले. "अक्कल हाय का न्हाय? परका मुलूख!"

"आतच हुते. फुलं बघत."

"फुलं बघत! कोल्हापुरात फुलं नसत्यात जणू." त्यांचे डोळे लाल होते. ते उठले, धोतर झटकलं. "चल."

ते पुढं चालू लागले. ती मागं. परतीच्या वाटेवर महालिंग पुन्हा ड्रायव्हरशेजारी बसले आणि कोलंबो येईपर्यंत एकही शब्द बोलले नाहीत. रबराबद्दलही नाही.

आठ दिवसांनी शाहूपुरीतल्या त्यांच्या सोप्यावर गल्ली जमली होती. शेजारच्या बायडाबाई होत्या, दुकानातला जुना तोलारी आकाराम होता, सुना दाराआड उभ्या होत्या. चहा फिरत होता. महालिंग रंगात येऊन सांगत होते. समुद्र केवढा, बोट कशी हलते, हॉटेलात पुरुष अंबाड्यात कंगवा कसा खोचतात.

चन्नम्माने चमकून पाहिलं. म्हणजे कंगवा त्यांनी बघितला होता.

"आणि कँडीला तर गंमतच," महालिंग म्हणाले. "ही हरवली की! मी आपला देवळात हुडकतोय. भाईर येऊन बघतो तर ही पायरीवर बसलीया. पदर डोळ्याला लावून ढसाढसा रडाय लागलीया. माणसं गोळा!"

सगळे हसले. आकाराम तर मांडीवर थाप मारून हसला.

"अगं बया!" बायडाबाई चन्नम्माकडं वळल्या. "व्हय वं वैनी? रडलासा?"

महालिंग बशीतल्या चहावर फुंकर घालत होते. फुंकर थांबली, पण बशी तोंडासमोर तशीच राहिली.

"व्हय बाई," चन्नम्मा म्हणाली. "परका मुलूख. जीव लई घाबरला हुता."

बशी हळूहळू खाली आली. महालिंगांनी तिच्याकडं पाहिलं. ती रिकामे कप गोळा करायला उठली होती.