सवतीच्या मापाचा फ्रिज

"उंची कशाला मोजताय? फ्रिजची खाच वरून उघडीच आहे," मी म्हटलं.

नवरा गुडघे टेकून बसला होता, टेपचं टोक पायाखाली दाबून. "मोजलेली बरी. जुना होता तेवढाच घेऊ. जागा भरलेली दिसते."

"कुणाला?"

त्यानं टेप भिंतीवर आणखी वर ओढली. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. कुठल्या मजल्यावर दार घासतंय ते याला आवाजावरून कळतं, पण बायको समोर उभी राहून बोलली तर ऐकू येत नाही.

जुना फ्रिज बाहेरच्या खोलीत आ वासून उभा होता. मेकॅनिकनं मागून उघडून बघितला आणि 'याच्यात आता काही राम नाही' म्हणून पाना पिशवीत टाकला. मला आनंद झाला. झाला तर झाला, लपवायचं काय त्यात? फ्रिज तिचा होता. ती म्हणजे माझ्या नवऱ्याची पहिली बायको. मी घरात यायच्या आधीच वारली होती, पण फ्रिज घरघरत होता, आणि तो घरघरला की मला वाटायचं, बाई मलाच काहीतरी सुनावते आहे.

ती उंच होती. फोटोत नवऱ्याच्या कानाला लागते. मी त्याच्या शर्टाच्या खिशाला लागते. स्वयंपाकघर तिनं बांधून घेतलेलं. ओटा तिच्या कमरेचा, म्हणजे माझ्या छातीचा. कांदा चिरायला लागले की माझी कोपरं कोंबडीच्या पंखांसारखी वर जातात. झाऱ्याचा खिळा उंच, डब्यांची फळी त्याहून उंच, आणि फ्रिजचा बर्फाचा कप्पा तर आभाळाला टेकलेला. दोन वर्षं मी टाचा उचलून संसार केला.

मी गणवेशांच्या कारखान्यात कॉलर लावते. तिथं पहिल्या दिवशी मुकादमबाईनं विचारलं होतं, "पाय टेकतात का गं?" नाही म्हटल्यावर तिनं स्वतः वाकून खुर्चीचा स्क्रू फिरवला. परकी बाई. इथं लग्न करून आणलेली, पण पाय टेकतात का हे कुणी विचारलं नाही.

विचारणार कोण? नणंद आली की ओट्यावरून हात फिरवत सुरू व्हायची. "वहिनीनं गवंड्याच्या डोक्यावर उभं राहून करून घेतलंय हो सगळं! ही फ्रिजची खाच बघा. वहिनीचं डोकंच वेगळं." वहिनी म्हणजे ती. मी 'नवीन वहिनी'. दोन वर्षांत चपलासुद्धा जुन्या होतात, मी आपली नवीनच. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते खरं. आणि ते मणभर दूध ठेवायला हा उंच फ्रिज.

पण नणंद परवडली. ती तोंडावर बोलते, तिच्याशी भांडता येतं. पोरीशी नाही. सवतीची पोरगी, चौदा वर्षांची, हाडापेरानं थेट आईवर गेलेली. मी फ्रिजपुढं टाचा उचलल्या की मागून यायची. "थांब मावशी, मी देते." आणि माझ्या डोक्यावरून हात घालून बर्फाचा ट्रे काढून द्यायची. हसून द्यायची. खवचटपणा केला असता तर दोन शब्द सुनावले असते. चांगुलपणाला काय सुनावणार? ट्रे घ्यायचा आणि मुकाट ओट्याकडे वळायचं.

दुकानात आम्ही तिघं गेलो. विकणारा पोक्त होता, कानावर पेन, चेहऱ्यावर दिवसभर उभं राहिल्याचा वैताग. नवऱ्यानं मापं सांगितली. तो आम्हाला उंच फ्रिजांच्या रांगेत घेऊन गेला. "ही खाच अरुंद आहे साहेब. दोन्ही बाजूंना भिंत म्हणताय ना? मग असाच अरुंद घ्या. अरुंद म्हटला की उंच आलाच."

पोरीनं लगेच एकाचं दार उघडून वरच्या कप्प्यात हात घातला. सहज. जसा काही तो कप्पा तिच्या जन्माआधीपासून तिची वाट बघत होता.

"तू नाही, बाळ. आई, तुम्ही या पुढं," विकणारा मला म्हणाला. "रोज वापरणार कोण? हात पुरतो का बघा."

त्यानं मला आई म्हटल्यावर पोरगी फरशीकडे बघायला लागली. मी पुढं झाले, टाचा उचलल्या. बोटं कप्प्याच्या काठाला लागली आणि तिथंच थांबली. शेजारी एक जोडपं आपला फ्रिज सोडून माझ्याकडे बघत होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

नवरा म्हणाला, "पुरेल हो. सवय होते. तिचा पुरायचा की."

"तिचा म्हणजे?" विकणाऱ्यानं पोरीकडे बघितलं. "हिचा?"

नवऱ्याचं तोंड उघडं राहिलं. तेव्हा मीच बोललेलं बरं, असं माझ्या मनात आलं आणि मी बोलले.

"माझ्या सवतीचा. वारली ती. फ्रिज तिच्या मापाचा घ्यायचाय."

पेन कानावरून खाली पडलं. शेजारच्या जोडप्यानं घाईघाईनं दुसऱ्या फ्रिजचं दार उघडून त्यात डोकी घातली. पोरगी "बाबा, मी बाहेर थांबते" म्हणून निघून गेली. नवरा टेपची पट्टी बाहेर ओढत होता आणि सोडत होता, ओढत होता आणि सोडत होता.

"तुला कुठला हवा?" त्यानं शेवटी विचारलं.

दोन वर्षांत पहिल्यांदा. मी कोपऱ्यातल्या बुटक्या फ्रिजकडे बोट दाखवलं. रुंद, बसका, माझ्या हनुवटीला लागणारा. बर्फाचा कप्पा डोळ्यांसमोर. वरचा पृष्ठभागसुद्धा हात फिरवून पुसता येत होता.

"हा खाचेत जाईल," विकणारा हळूच म्हणाला, "पण घट्ट बसेल. दाराला भिंत लागेल ताई. दार पूर्ण फिरलं पाहिजे, नाहीतर खालचा..."

"हाच," मी म्हटलं.

"ऐकून तरी घ्या..."

"हाच द्या," नवरा म्हणाला. माझ्यासाठी नाही म्हणाला. त्या दुकानातून त्याला पळायचं होतं.

फ्रिज आला. हमालांनी खाचेत सरकवला, घासून बसला. मी दार उघडलं. दूध ठेवलं, अंडी ठेवली. टाचा जमिनीवर. दार मात्र जरा फिरलं आणि भिंतीला टेकून थांबलं. तळाचा भाजीचा खण ओढला, तो चार बोटं पुढं आला आणि दाराच्या आतल्या कप्प्याला धडकला. परत ओढला. परत धडकला. मी खण आत ढकलून दार लावलं आणि जणू काही झालंच नाही असं फडकं घेऊन ओटा पुसायला लागले.

झाकली मूठ चार दिवस टिकली. मग नणंद आली.

"अय्या, बुटका घेतलात? दादा, खाचेवर केवढी भिंत मोकळी दिसते रे!" तिनं वाकून खण ओढला. खट्. "हे काय, अडकतंय की! वहिनी असती तर..."

"वहिनी मीच आहे," मी म्हटलं. "काय हवंय खणातलं?"

"नाही, काही नको."

"मग लावा दार. गार हवा जाते."

ती गेल्यावर नवरा फ्रिजपुढं बसला. दार उघडून, मिटून, बिजागरीवर अंगठा ठेवून बघत राहिला. कामावर दारं बघतो तसा.

"उंच हवा म्हणून नव्हता घेतला तो," तो म्हणाला. "खाच करताना गवंडी चुकला. अरुंद झाली. मग दार फिरेल असा तेवढाच मिळाला. तिलाही तो आवडला नव्हता. कपाट आणल्यासारखं वाटतं म्हणायची."

मी हातातलं पातेलं खाली ठेवलं. दोन वर्षं मी तिच्या उंचीवर जळत होते. आणि ती बाई त्याच फ्रिजवर चिडत होती.

"मग हे सांगायचं होतंत की!"

"तू विचारलंस कधी?"

"तुम्ही तिचं नाव तरी काढलंत कधी माझ्यापुढं? तुमची बहीण बोलते, भिंती बोलतात, खिळे बोलतात. तुम्ही गप्प. मला काय कळणार ती कशावर चिडायची आणि कशावर नाही?"

तो बिजागरीकडेच बघत होता. "काढलं असतं तर तुला आवडलं असतं?"

"नाही," मी म्हटलं. खोटं कशाला बोलायचं?

फ्रिजचं दार लोटून तो म्हणाला, "दुकानवाला बदलून देईल. मी बोलतो."

"काही नको."

"अगं, बोटं सोलतील त्या खणात."

"माझी सोलतील."

मग त्यानं पुन्हा विषय काढला नाही. मी खणात भाजी वरून टाकायला शिकले, फटीतून, एकेक. काढायचीही तशीच. मनगट आडवं करायचं, अंगठा तळहातात दुमडायचा. कॉलरीच्या टोकात बोट घालून ती उलटवायची सवय असलेल्या हाताला हे अवघड नाही.

सुट्टीच्या दिवशी दुपारी मी बाहेरच्या खोलीत उसवलेली उशी शिवत होते. स्वयंपाकघरातून खट्, खट् आवाज आला. मग नवऱ्याचा आवाज, "सरक, मी बघतो." पुन्हा खट्. मग "आई गं!" नवऱ्याचंच. मी टाका पूर्ण केला. दोरा दातांनी तोडला.

"मावशी," पोरीनं हाक मारली. "जरा येतेस का?"

मी गेले. नवरा नळाखाली बोटं धरून उभा होता. पोरीचे लांब हात ओले, पेरं लाल झालेली.

"काय हवंय?"

"गाजर. आमचा हात जात नाही आत."

मी साडीचा पदर खोचला, फ्रिजपुढं बसले. अंगठा दुमडला, मनगट आडवं केलं आणि हात आत घातला. वरचे टोमॅटो बाजूला केले. तळाशी एक गाजर बोटांना लागलं, बारकं. ते मी तसंच राहू दिलं आणि त्याहून चांगलं शोधायला लागले. सावकाश. पोरगी माझ्या डोक्यावर वाकून वाट बघत होती.