तिच्या बाजूचं चाक

थोरलीने गाडी टायरच्या दुकानाच्या दारात आडवी घातली, ती अशी की आतली गाडी बाहेर येऊ नये आणि बाहेरची आत जाऊ नये. हँडब्रेक ओढला, किल्ली पर्समध्ये टाकली, पर्सची चेन लावली आणि मगच ती खाली उतरली. टायरवाला आत एका चाकाचे नट आवळत होता. त्याने मान वर करून पाहिलं, तिला ओळखलं आणि पुन्हा नटांत डोकं घातलं.

“ही गाडी आता इथून हलणार नाही,” ती म्हणाली. “दिवा विझेपर्यंत आणि दणके थांबेपर्यंत.”

गेल्या दोन आठवड्यांतली तिची ही तिसरी फेरी होती. याच दुकानातून चारही टायर नवे घातले, आणि दुसऱ्याच दिवशी समोरच्या काट्यांमध्ये एक पिवळा दिवा लागला तो लागलाच. टायरात हवा कमी असल्याचा तो दिवा, हे तिने गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात वाचलं होतं. त्यातच गाडी उडायला लागली. आधी जी गाडी खड्ड्यावरून मुकाट जायची, ती आता रस्त्यावरचा प्रत्येक खडा मोजून दाखवायची. पहिल्या फेरीला टायरवाला म्हणाला, नवे टायर आहेत, मुरायला वेळ लागतो. दुसऱ्या फेरीला त्याने पुढच्या टायरला एक लाथ मारली, हवा मस्त आहे म्हणाला, आणि दिवा आपोआप जाईल असं सांगून टाकलं. वर साहेब नाही आले का, असंही विचारलं. साहेब असते तर लाथेऐवजी काय केलं असतं, हे विचारायचं तिला घरी पोहोचल्यावर सुचलं, आणि त्या रात्री तिला जेवण गेलं नाही.

थोरली वीज कंपनीच्या तक्रार-खिडकीवर बसत असे. वेळ मारून नेण्याच्या सगळ्या तऱ्हा तिला तोंडपाठ होत्या, कारण त्यांतल्या बऱ्याच ती स्वतः रोज वापरायची. त्यामुळे आपल्याच तोंडाला कुणी पानं पुसतंय हे तिला लगेच कळायचं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. धाकटा भाऊ तिला तोफ म्हणत असे, अर्थात तिच्यामागे.

पण ही आग नुसत्या गाडीपायी नव्हती. आई न्हाणीघरात घसरून पडली, तिच्या पाठीच्या एका मणक्याला चीर गेली, आणि आता दिवसाआड तिला व्यायामासाठी हॉस्पिटलात न्यावं लागत होतं. व्यायाम शिकवणारी बाई स्पष्ट बोलणारी होती. या दोन महिन्यांत खंड पडला तर चालणं गेलं असं समजा, म्हणाली होती. आई एकदाही कुरकुर न करता जात होती. आज सकाळी थोरलीने गाडीची किल्ली उचलली तेव्हा ती पलंगावरून उठली नाही. भिंतीकडे तोंड करून म्हणाली, मला आता बरं वाटतंय, उगाच कशाला जायचं.

बरं वाटत नव्हतं. आईच्या तोंडून कधी काही कळायचं नाही, पण गाडीत बसली की तिचा हात दाराच्या वरच्या कडीला जायचा आणि बोटांची पेरं पांढरी पडायची. गतिरोधक आला की ती वाक्य मध्येच सोडायची आणि तो ओलांडला की जिथे सोडलं होतं तिथून पुढे चालू करायची, जणू मध्ये काही झालंच नाही. त्या घराचा एक नियम होता आणि तो आईनेच घालून दिलेला होता. काम करावं, बोलून दाखवू नये. नळ कुणी दुरुस्त केला, कुणासाठी कुणी रजा टाकली, हे तिथे कधी कळायचं नाही. बोललं की केलेल्याची किंमत गेली, असं आईचं म्हणणं. दुखण्यालाही तिने तोच नियम लावला होता.

“आज लाथ नको,” थोरली टायरवाल्याला म्हणाली. “हवा मोजायचं काही यंत्र असेल तर ते आणा. डॉक्टर पेशंटला लाथ मारून तपासतो का?”

आतली गाडी उचलून धरलेल्या लिफ्टखाली कुणीतरी हसलं. टायरवाल्याने पान्हा ठेवला, हात पुसले आणि गेज आणला. मागच्या चाकाला लावला, आकडा पाहिला, गेजवर टिचकी मारली आणि पुन्हा लावला. मग आत जाऊन दुसरा गेज आणला. एकेक करत तो चारही चाकांपाशी बसला आणि पुढच्या, चालकाशेजारच्या बाजूच्या चाकापाशी जरा जास्तच वेळ बसून राहिला.

“ताई, ही हवा कुणी भरली?”

“तुम्ही.”

“आम्ही दाराच्या कडेला जो तक्ता चिकटवलेला असतो ना, तो बघून भरतो. ही त्याच्या कितीतरी वर गेलीय. आणि चारही चाकांत वेगवेगळी. हे पुढचं तर दगड झालंय नुसता. गाडी उडणार नाही तर काय होणार?”

थोरली भडकली. चूक स्वतः करायची आणि खापर गिऱ्हाइकावर फोडायचं, हा प्रकार तिने खिडकीच्या दुसऱ्या बाजूने पुष्कळ पाहिला होता. तिने त्याला सुनावलं की हवा कमी म्हणून दिवा पेटलाय आणि तुम्ही जास्त म्हणताय, तेव्हा दोघांतलं कोण खोटं बोलतंय ते आधी ठरवा. टायरवाला पहिल्यांदाच वरमला. खाली बघत त्याने कबूल केलं की दिवा खोटा आहे. टायर बदलले की हवा बरोबर भरून स्टिअरिंगखालचं एक बटण दाबून धरावं लागतं, तेव्हा गाडीला कळतं की आताची हवा ही बरोबर हवा. ते करायचं राहून गेलं होतं. हवा पहिल्या दिवशी बरोबर होती, दिवाच तेवढा उगाच लागला होता.

“आणि हे तुम्ही मला आज सांगताय,” ती म्हणाली. “दोन आठवडे मी गाडीत एका मणका मोडलेल्या बाईला घेऊन फिरतेय. मुरायला वेळ लागतो म्हणे. लोणचं आहे का ते?”

टायरवाला पुन्हा चाकापाशी बसला. त्याने चारही चाकांतली हवा सोडायला सुरुवात केली. फुस्स आवाज येत राहिला, विशेषतः त्या पुढच्या चाकातून. थोरली हाताची घडी घालून उभी होती, पण तिची नजर आता टायरवाल्यावर नव्हती. मागच्या आठवड्यात ऑफिसातून येताना पेट्रोल पंपावर तिने चारही चाकांत थोडी थोडी हवा भरून घेतली होती. दिवा पेटलेला, म्हणजे हवा कमी, एवढा साधा हिशेब. घरी अर्थातच बोलली नव्हती.

“एकदाच भरली तर इतकी होईल?” तिने विचारलं. आवाज आपोआप खाली आला होता.

“एकदा कसली ताई. रोज कुणीतरी भरतंय.”

तिने पर्समधून किल्ली काढून दिली आणि त्याने गाडी चालू करून बटण दाबून धरलं. दिवा लुकलुकला आणि विझला. भांडायला घेतलेला विषय असा हातातून गेल्यावर माणसाला जे वाटतं तेच तिला वाटलं. तरी जाता जाता, यापुढे गिऱ्हाइकाला आधी खरं सांगायचं, मग लाथा मारायच्या, असं बजावायला ती चुकली नाही.

घरी बाबा आणि धाकटा स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून मटार सोलत होते. थोरलीने किल्ली त्या दोघांच्या मध्ये ठेवली.

“गाडीत हवा कोण भरतं?”

त्या घरात असा प्रश्न म्हणजे उद्धटपणाच. बाबा उठले आणि धुतलेलीच कपबशी पुन्हा धुऊ लागले. धाकट्याने एक शेंग दोनदा उघडून पाहिली.

“मी भरली होती,” तो शेवटी म्हणाला. “माझ्या पाळीला आईला घेऊन जाताना. दिवा दिसला म्हणून. दोनदा. किंवा तीनदा.”

“आणि बाबा?”

बाबांनी नळ बंद केला. डोळ्यांमुळे त्यांनी गाडी चालवणं सोडून काही वर्षं झाली होती. आता ते मागच्या सीटवर बसून बरोबर जात आणि बरोबर येत, एवढंच. त्यांच्या जुन्या गाडीचा पायाने मारायचा पंप अजून माळ्यावर होता. तो त्यांनी खाली काढला होता. सकाळी सगळे उठायच्या आत खाली जाऊन ते थोडी थोडी हवा मारत होते.

“मागून दिवा दिसायचा मला,” ते म्हणाले. “आणि तिला बसणारे दणके दिसायचे. वाटलं, टायर गळताहेत. पंपाचा काटा चालत नाही, म्हणून अंदाजानेच भरायचो.” मग जरा थांबून म्हणाले, “तिच्या बाजूच्या चाकात जरा जास्त भरायचो. तिला मऊ लागावं म्हणून.”

थोरलीला त्या पुढच्या चाकातून सुटत राहिलेली हवा आठवली. ती संपता संपत नव्हती. तिला कळवळा यायला हवा होता, पण आधी राग आला आणि तो तिने गिळला नाही. एका घरात राहतो, एका टेबलाशी जेवतो, आणि कुणाच्या तोंडून एक चकार शब्द निघत नाही, असं ती बोलत सुटली. बाल्कनीतली झाडं अशीच मेली. चौघांनी चार वेळा पाणी घातलं, मुळं कुजली, आणि कुणी कुणाला बोललं नाही. आईला दणके बसतात म्हणून हवा भरायची, हवा भरली म्हणून जास्त दणके बसायचे, म्हणून आणखी भरायची. बोलायला काय तोंड नव्हतं का कुणाला?

“आणि तू?” धाकट्याने विचारलं. “तू नाही भरलीस?”

तोफेने मटारची एक शेंग उचलली आणि सोलायला घेतली. बाबांनी टॉवेलला हात पुसले आणि पुसून झाल्यावरही पुसत राहिले.

“इकडे या सगळे.”

हाक आईची होती. तिच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं आणि मधली भिंत काही फार जाड नव्हती. तिघं जाऊन दाराशी उभे राहिले. आई उशीला टेकून बसली होती. तिचा चेहरा लाल झाला होता आणि थोरलीला वाटलं ताप आलाय.

“मला दुखतं,” आई म्हणाली.

असं वाक्य त्या घरात कधी कुणी उच्चारलं नव्हतं. कुणाला काय करावं ते कळेना. धाकटा खिडकी लावायला गेला आणि न लावताच परत आला.

“गाडीत फार दुखायचं. व्यायाम करताना दुखतं. या कुशीवरून त्या कुशीवर वळले तरी दुखतं.” ती श्वास घ्यायला थांबली. ताप नव्हता, ती चिडली होती. “इतके दिवस तुम्ही तिघं माझ्या आजूबाजूला वावरताय. कुणी हवा भरतंय, कुणी उशी बदलतंय, कुणी दुकानदाराशी भांडून येतंय. पण एकाने तरी विचारलंत का मला, दुखतंय का म्हणून?”

बाबांनी तोंड उघडलं. नियम तुझाच होता, हे त्यांच्या ओठांवर आलेलं थोरलीने पाहिलं. ते त्यांनी म्हटलं नाही. पलंगाच्या कडेला बसले आणि एखादं नवीन काम शिकताना विचारावं तसं अडखळत त्यांनी विचारलं की आत्ता या क्षणी दुखतंय का, आणि नक्की कुठे. आईने रागाने त्यांच्याकडे पाहिलं. मग तिने हात मागे नेऊन जागा दाखवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती स्वतःहून तयार होऊन बसली. आपण जातोय असं तिने कुणाला म्हटलं नाही, पण चपला घातल्या होत्या. थोरलीने सीट मागे केली, पाठीशी उशी लावली आणि गाडी रस्त्यावर घेतली. समोर दिवा नव्हता. बाबा मागे बसले होते. पंप पुन्हा माळ्यावर गेला होता, निदान तसं त्यांनी सांगितलं होतं.

कोपऱ्यावरचा गतिरोधक आला. आईचा हात सवयीने वरच्या कडीला गेला. थोरलीने गाडी जवळजवळ थांबवली, पुढची चाकं हळूच वर घेतली, खाली सोडली, मग मागची. मागच्या गाडीवाला हॉर्न वाजवत होता. तिने आरशात त्याच्याकडे असं पाहिलं की तो वाजवायचा थांबला.

“दुखलं?” तिने विचारलं.

आई समोर बघत होती. नाही म्हणायला तिचं तोंड उघडलेलं थोरलीने पाहिलं.

“हो,” आई म्हणाली. “पुढच्याला आणखी हळू घे.”