बॅटरी खाणारी सून

मांजलपुरात आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये रविवारी पाय ठेवायला जागा नव्हती. चार्जबाबा आले होते! दुपारीच मान टाकणारे मोबाइल त्यांच्या अंगाऱ्याने रात्रीपर्यंत टुणटुणीत राहतात, अशी बडोदेभर ख्याती. शिष्य फोन पडद्याआड नेई, अंगारा लावून परत आणी, आणि शिकलीसवरलेली माणसं तो फोन डोळ्यांना लावत. मी हात खिशात घालून उभा होतो. शेजारच्या पद्मावहिनींनी ओढून आणलं होतं.

वहिनींचा फोन मुलाच्या, आशयच्या लग्नापासून दुपारपर्यंतच तग धरत होता. बाबांनी तो कपाळाला टेकवला आणि डोळे फिरवले.

"बेन, घरमां कोई नवुं आव्युं छे?"

"हो, सून आली."

"बस, ए ज! तिच्या पायगुणात राहू बसलाय. आज बॅटरी खाते, उद्या तमारा दीकराला खाईल. अमासपर्यंत माहेरी पाठवा!"

वहिनी पांढऱ्याफटक पडल्या. सून देवश्री मागेच उभी होती. शाळेत विज्ञान शिकवते पोरगी. तिचे डोळे भरून आले.

"आई, खरंच पाठवणार मला?"

"थोडेच दिवस गं. आशयच्या जिवाचा प्रश्न आहे," वहिनी खाली बघत म्हणाल्या. असा संताप आला मला!

देवश्रीने डोळे पुसले. "जाते. पण बॅटरी कोण खातं ते आधी फोनलाच विचारू."

तिने बाबांच्या हातून फोन घेतला, सेटिंगमध्ये बॅटरीचा वापर उघडला आणि मोठ्याने वाचलं, "चार्जबाबा दर्शन अ‍ॅप, एकाहत्तर टक्के!"

तिने फोन वहिनींपुढे धरला.

"आई, हे कधी घेतलंत?"

"लग्नाच्याच आठवड्यात. तुम्हा दोघांसाठी आशीर्वाद हवा होता, आणि दर्शनाचा नंबर त्यावरच लागतो ना."

"आपण बाहेर पडलो तरी ते आतल्या आत चालू राहतं. बाबांचं भजन नेटवरून ओढत राहतं, आपण कुठे आहोत ते शोधत राहतं. बॅटरी टिकणार कशी?"

"तो मारो अंगारो खोटो?" बाबा गरजले.

देवश्रीने जाऊन सरळ पडदाच ओढला. आत शिष्य एका फोनमधलं तेच अ‍ॅप बंद करत बसला होता.

"हा यांचा अंगारा! आणि रोज सकाळी अ‍ॅप उघडून भजन ऐकायचं, हा यांनी घालून दिलेला नेम. म्हणजे ते पुन्हा सुरू, आणि तुम्ही पुन्हा रांगेत."

भराभर फोन उघडले गेले. "मारामां पण छे!" "माझ्यातही!"

"आ तो कळियुगनी सेटिंग छे," बाबा पुटपुटले आणि हशा पिकला. त्या गडबडीत गुरुशिष्य कधी सटकले, कळलंच नाही.

वहिनींनी सगळ्यांदेखत सुनेचा हात धरला. "चुकलं माझं, देवश्री. तू कुठ्ठेही जायचं नाहीस."

मंडळी, यंत्र बिघडलं तर यंत्र तपासा. आणि कुणी तुमच्याच घरातल्या माणसाकडे बोट दाखवलं, तर आधी पुरावा मागा. तो मागायला देवश्री उभी राहिली नसती, तर आमच्या भरल्या हॉलसमोरून एक निरपराध मुलगी रडत माहेरी गेली असती, आणि आम्ही तिला वाट करून दिली असती.