एक्केचाळिसावी ओळ

आधीच सांगून ठेवते, मला कॉम्प्युटरचा राग नाही. राग येतो तो कॉम्प्युटरला देव मानणाऱ्यांचा. आमच्या यशचंच घ्या. वय अठ्ठावीस, मूळचा ग्वाल्हेरचा, पोरगं गुणी, पण स्क्रीनवर हिरवं दिसलं की त्याच्या लेखी काम फत्ते. मी सुधा बर्वे, भोपाळच्या गोविंदपुऱ्यातल्या एका लहानशा वर्कशॉपमध्ये बावीस वर्षं स्टोअर सांभाळते. कुठला नट कुठल्या डब्यात आहे, झोपेत विचारा, सांगेन.

त्या मंगळवारी आमच्यापुढे दिगंबरकाकांची यादी होती. काका आमच्याच सोसायटीत, बाग सेवनियाला, दुसऱ्या मजल्यावर राहतात. सरकारी कारखान्यात फोरमन होते, आता बहात्तर वर्षांचे. दीड वर्षापूर्वी मनोरमाकाकूंना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं, आणि आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. मग काकांनी घरच्या घरी खुर्ची बनवली. चाकांची, मागे हँडल. हँडल फिरवत गेलं की खुर्ची एकेक पायरी उतरते आणि मधेच हात सुटला तरी घसरत नाही.

आमच्या साहेबांनी ती पाहिली आणि म्हणाले, काका, ही आपण बनवू या, घरोघरी लागणारी वस्तू आहे. मोजमापं घ्यायला म्हणून खुर्ची वर्कशॉपात आणली आणि उत्साहाच्या भरात अशी काही खोलली की परत जोडता येईना. अस्सा संताप आला मला! काकू तीन आठवडे वर अडकून पडल्या. काका बिचारे आवाज न चढवता एवढंच म्हणाले, "नवी द्या. फक्त रविवारी पाचला ही खाली हवी. भोंडला आहे."

आमच्या सोसायटीचा भोंडला म्हणजे मनोरमाकाकू. तीस वर्षं पाटावर हत्ती त्यांनीच काढला, गाणी त्यांनीच धरली. आणि झाकल्या डब्यातली खिरापत ओळखण्यात तर त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. डबा कानाशी हलवला की म्हणायच्या, "चिवडा, आणि दाणे जास्त झालेत." गेल्या वर्षी त्या नव्हत्या. आम्ही बायकांनी कशीबशी चार गाणी म्हटली आणि घरी गेलो.

आता खरं सांगते. मी तळमजल्यावर राहते आणि दीड वर्षात दोन जिने चढून काकूंना भेटायला गेले नव्हते. काका त्यांना खुर्चीतून खाली आणायचे ते दुपारी, मी वर्कशॉपात असताना. त्यांना बोलता येत नाही, मग मी तिथे बसून काय बोलू, असं स्वतःला सांगत राहिले. खोटं कशाला बोला, मला भीती वाटत होती.

तर यादी, नव्या खुर्चीच्या सुट्या भागांची. काकांनी ती फुलस्केपवर सुबक अक्षरात लिहिली होती, एक्केचाळीस ओळी. यशने ती टाइप करून आमच्या नव्या सॉफ्टवेअरमध्ये टाकली. हे सॉफ्टवेअर यादी लगेच आत घेत नाही, आधी सगळी मांडून दाखवतं. जो पार्ट आमच्या स्टोअरच्या नोंदीत सापडला तो हिरवा, नाही सापडला तो लाल. प्रत्येक लाल ओळीचा निकाल लावायचा. एक तर नोंदीतला पार्ट निवडा, नाहीतर नवा पार्ट तयार करा, नाहीतर ओळ गाळा. एकही लाल उरली तर ऑर्डर सुटत नाही, आणि गुरुवारपर्यंत ऑर्डर सुटली नाही तर रविवारी खुर्ची नाही.

"मावशी, सतरा रेड हैं," यश म्हणाला. "ही यादी आहे की प्राणिसंग्रहालय? कुत्ता, दोन नग!"

"अरे गाढवा, दातांत अडकून चाक उलटं फिरू देत नाही तो खटका. कारखान्यात त्याला कुत्ताच म्हणतात. तुझ्या नोंदीत तो 'पॉल' नावाने बसलाय. निवड."

"वाह मावशी!"

"वाह नंतर कर. ही चोविसावी ओळ बघ. चावी, चार नग. हिरवी कशी काय?"

"मॅच झाली ना. स्टोअरमध्ये आहे."

"ती गोडाउनच्या कुलपाची चावी आहे! इथे दांड्यावर चाक पक्कं बसवायचा चौकोनी तुकडा हवाय. खुर्चीला काय कुलूप लावणार आहेस?"

यश इतका हसला की खुर्चीवरून पडायचा राहिला. मग मात्र तो हिरव्या ओळीही तपासायला लागला. बुधवारभर आम्ही दोघं त्या यादीला भिडलो. मी डबे उपसून एकेक पार्ट त्याच्या टेबलावर आपटायची, तो नंबर शोधायचा. लाल ओळी सतराच्या नऊ, नवाच्या चार झाल्या. गुरुवारी दुपारी एकच उरली, शेवटची. "घंटी, सायकलची, डाव्या हाताला, १ नग."

"नवा पार्ट बनवू?" यशने विचारलं. "सप्लायर, ड्रॉइंग, सगळं भरावं लागेल. साहेबांची सही पण. एक दिवस जाईल."

मी घड्याळ बघितलं. मनात म्हटलं, काकांना म्हातारपणी हौस सुचतेय. खुर्चीला घंटी कशाला, जिन्यात कोण आडवं येणार आहे? काकांना एक फोन करायचा, तर तोही केला नाही. वर काकू असतील, त्यांची चौकशी करावी लागेल, म्हणून.

"गाळ," मी म्हटलं.

सगळं हिरवंगार झालं आणि ऑर्डर सुटली. यशने समोसे मागवले, मी दोन खाल्ले.

रविवारी चारला नवी कोरी खुर्ची दुसऱ्या मजल्यावर पोचली. मीही गेले, दीड वर्षाने. काकूंनी मोतिया रंगाची साडी नेसली होती, केसांत गजरा. माझ्याकडे बघून हसल्या, अर्ध्या चेहऱ्याने, पण अगदी पूर्वीसारख्या. मी उगाच खुर्चीचे बोल्ट तपासले.

काकांनी हँडल धरलं. खट, खट, खट, एकेक पायरी. कुत्ता झकास अडकत होता, चावी पक्की बसली होती, यश मोबाइलवर शूटिंग करत होता. सात पायऱ्या झाल्या आणि काकूंनी डाव्या हाताने कठडा घट्ट धरला. सोडेचनात. मग कठडा सोडून तो हात खुर्चीच्या दांडीवर चाचपडायला लागला. पुढे, मागे, परत पुढे. डोळ्यांत पाणी.

"दुखतंय का? काही लागतंय का?" मी विचारत सुटले.

काका वाकून दांडीकडे बघत होते. "सुधा, घंटी कुठंय?"

"ती... गाळली मी, काका. वेळ नव्हता. मला वाटलं, हौसेची असेल."

"हौसेची नाही गं," काका म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं. "तिचं बोलणं आहे ते. एकदा वाजवली की हो, दोनदा म्हणजे इकडे ये, तीनदा म्हणजे नाही. तुम्ही खुर्ची नेलीत तेव्हापासून वाटीवर चमचा आपटतेय. मला वाटलं, सोसायटीत सगळ्यांना माहीत आहे."

सगळ्यांना माहीत होतं. वर जाणाऱ्या सगळ्यांना.

मला स्वतःच्याच दोन थोबाडीत द्याव्याशा वाटल्या. एका बाईचं बोलणं मी गाळून टाकलं होतं, आणि वर समोसे खाल्ले होते! यश म्हणाला, "मावशी, जुन्या खुर्चीची घंटी वर्कशॉपमध्ये डब्यात आहे, मी आणतो." त्याला यायला-जायला तास लागला असता. मी त्याच्या पिशवीतून पाना उचलला आणि तरुणपणीही धावले नसेन अशी दोन जिने धावत खाली गेले. पार्किंगमध्ये माझ्या मुलीची सायकल धूळ खात उभी होती. ती शिकायला इंदूरला गेल्यापासून सायकलला कोणी हात लावला नव्हता. गंजलेला स्क्रू निघेना. त्याला, सायकलला आणि स्वतःला एकत्र शिव्या घातल्या, तेव्हा निघाला.

वर येऊन, धापा टाकत, पायरीवर गुडघे टेकून मी ती घंटी डाव्या दांडीवर आवळली. काकूंनी अंगठा ठेवला.

ट्रिंग ट्रिंग.

"दोनदा," काका म्हणाले. "तुला बोलावतेय."

मी अजून पुढे सरकले तर काकूंनी डाव्या हाताने माझा कान पकडला आणि चांगला पिळला. मग तोच हात माझ्या गालावर ठेवला. मी त्या जिन्यात, यशच्या मोबाइलसमोर, ढसाढसा रडले. काकू मात्र हसत होत्या, आणि बरोबर पाचला खाली होत्या.

काय भोंडला झाला म्हणून सांगू! काकू मधोमध, हत्तीच्या पाटाशेजारी, आणि आम्ही बायका भोवती फेर धरून. गाण्याचा ठेका चुकला की घंटी तीनदा वाजायची, पुन्हा पहिल्यापासून. शेवटी खिरापत. डबा या वर्षी काकूंनीच आणला होता, त्यामुळे ओळखायचं आम्ही आणि बरोबर की चूक ते सांगायचं त्यांनी.

"शंकरपाळे?" तीनदा. "चकली?" तीनदा. "खारे दाणे?" तीनदा, आणि खदाखदा हसणं. काका मागून कुरकुरले, "काल दिवसभर मी वळतोय आणि हिचा चमचा तीन-तीनदाच वाजतोय. एकाही कड्याचा आकार पसंत पडेना हिला."

कड्याचा आकार? मी डबा घेतला, कानाशी हलवला. जाड, खरखरीत, एकमेकांत अडकल्यासारखा आवाज. दर दिवाळीला दुसऱ्या मजल्यावरून माझ्यासाठी वेगळा डबा यायचा, तसाच.

"कडबोळी," मी म्हटलं. "माझी."

ट्रिंग. एकदाच. लांबलचक.

सोमवारी सकाळी मी स्वतः यशच्या शेजारी जाऊन बसले. यादी पुन्हा उघडली, एक्केचाळिसावी ओळ परत घेतली. नवा पार्ट, नवा नंबर. सप्लायर भरला, ड्रॉइंग जोडलं, साहेबांची सही आणली. काकांची जुनी घंटी डब्यातून काढून मी माझ्या टेबलावर ठेवली होती.

शेवटच्या रकान्यापाशी यश थांबला. "मावशी, आता पुढच्या सगळ्या खुर्च्यांना जाईल ही. हिला ऑप्शनल टाकू ना?"

मी काकांची घंटी जवळ ओढली आणि तीनदा वाजवली.