ओरिजिनल गिअर आणि वसईचा एकुलता चढ

मित्रांनो, एव्हरशाईन सिटीतल्या एका इमारतीत, जिन्याखाली, पाण्याच्या मोटरशेजारी जी भिंतीला टेकून उभी असते ती मी. जुनी, गिअरची सायकल. तुम्ही माझ्याकडे न बघता पुढे जाता याचं मला वाईट वाटत नाही. एके काळी लोक मला बघायला थांबायचे, त्याचा मला जास्त त्रास झाला आहे.

माझा जन्म लुधियानाच्या एका कारखान्यात झाला. निळा रंग मिळाला आणि मागच्या चाकाला पाच दातेरी चकत्या. या चकत्यांवरून चेन सरकवणारा, स्प्रिंगचा एक लहानसा हात मागच्या चाकाच्या नटापाशी लोंबत असतो. माहितीपत्रकात त्याला डिरेलर म्हणतात, दुकानात मागचा गिअर. ब्रेक गेला तर सायकल थांबत नाही. हा हात गेला तर ती निघतच नाही, कारण चेन ढिली पडते. एवढं लक्षात ठेवा. माझं सगळं रामायण तिथेच आहे.

१९९६ साली जयवंतरावांनी मला घेतलं. ते मुंबईच्या एका ऑफिसात हेडक्लार्क होते आणि त्यांनी पोट कमी करायचा निश्चय केला होता. वसई म्हणजे मिठागरं, केळीच्या बागा आणि सपाट रस्ते. चढ म्हणावा असा एकच, रेल्वेच्या रुळांवरचा पूल. पण दुकानदार ‘साहेब, गिअरवाली आहे’ म्हणाला, की मध्यमवर्गीय माणूस ‘कशाला?’ असं विचारत नाही. शेजारीपाजारी मला बघून गेले. त्यानंतर जयवंतरावांचं पोट आणि मी, दोघंही होतो तिथेच राहिलो. माझ्या हँडलवर पायपुसणी वाळू लागली.

मला रस्त्यावर काढलं ते मनोरमाताईंनी, जयवंतरावांच्या पत्नीने. चाळिशी उलटल्यावर त्या इमारतीच्या आवारात सायकल शिकल्या. गॅलरीतून बायका हसत होत्या. ताई पडल्या, उठल्या, साडीचा पदर खोचून पुन्हा बसल्या. त्यांना पश्चिमेला, बाभोळ्याच्या पुढच्या गावात, बालवाडीत नोकरी मिळाली होती. लग्नानंतरची पहिलीच. त्यांचा एक गुडघा जुना दुखावलेला, त्यामुळे पूल चढताना त्या सर्वांत मोठ्या, पॅडल हलकं करणाऱ्या चकतीवर चेन टाकत आणि हळूहळू वर जात. पुलावर पोचल्या की खाडीचा वारा लागे आणि ताई स्वतःशीच काहीतरी गुणगुणत. माझी ती खरी नोकरीची वर्षं.

मग २००२ साली सोसायटीच्या सेक्रेटरींनी नवी स्कूटर घेतली आणि ती माझ्यावर टेकवून लावली. माझा तो हात आत वाकला. कोणी पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी पुलाच्या मध्यावर ताईंनी हलक्या चकतीसाठी हँडलवरचा गिअरचा खटका ओढला. टिक, टिक, टिक असा आवाज आला, हात स्पोकमध्ये अडकला आणि तुटला. नटापाशी तो धरून ठेवणारी पट्टीसुद्धा चिरली. ताई मला ढकलत बालवाडीत पोचल्या तेव्हा पोरांचा खाऊ खाऊन झाला होता.

मित्रांनो, खरे हाल इथून सुरू झाले. इमारतीत टँकर आल्याशिवाय पाणी नसे, आणि पाणी भरल्याशिवाय ताईंना घर सोडता येत नसे. त्यानंतर चालत निघालं की उशीर ठरलेला. रिक्षा करावी तर पगार रिक्षातच जायचा. बालवाडी चालवणाऱ्या कार्मिनबाई वाईट नव्हत्या. त्यांनी बरेच दिवस पाहिलं आणि एका शुक्रवारी सांगितलं, “मनोरमा टीचर, पोरं दारात बसून रडतात. सोमवारी वेळेत आलात तर वर्ग तुमचा. नायतर एक पोरगी विचारून गेलीय, तिला देते.”

ताईंनी घरी येऊन हे सांगितलं. जयवंतराव म्हणाले, काळजी करू नकोस, मी बघतो.

ते बघतच होते. रोज संध्याकाळी ते तुटलेला हात रुमालात बांधून मुंबईतली दुकानं पालथी घालत. मला कधी नेलं नाही. प्रत्येक दुकानात एकच आग्रह, ओरिजिनल हवा. एका दुकानदाराने सांगितलं, गिअर काढून टाका, चेन छोटी करा, साधी सायकल होईल. जयवंतरावांना हा स्वतःचा अपमान वाटला. मला तर धडकीच भरली. साध्या सायकलीवर ताईंच्या गुडघ्याने पूल चढलाच नसता, आणि मग माझं जिन्याखालीसुद्धा काम उरलं नसतं. भंगारवाल्याची हाळी मी पूर्वीही ऐकायचे. आता तो नेमका आमच्याच फाटकाशी जास्त वेळ ओरडतो असं वाटू लागलं.

त्याच शुक्रवारी रात्री जयवंतराव विजयी चेहऱ्याने एक डबा घेऊन आले. आत कापसासारख्या कागदात माझ्याच कंपनीचा, चकचकीत मागचा गिअर. ताईंनी तो हातात घेतला, जिन्याखाली येऊन माझ्याशेजारी धरला आणि म्हणाल्या, “छान आहे. लावायचा कुठे?”

कारण तो नव्या सायकलींसाठी होता. त्यांच्या फ्रेमला तो आवळायला भोक असतं. माझ्या फ्रेमला ते कधीच नव्हतं. मला पट्टी लागते, आणि ती तर चिरलेली.

जयवंतरावांनी गिअर परत कागदात गुंडाळला. “भोक नाही हा सायकलीचा दोष आहे,” ते म्हणाले. “गिअर ओरिजिनल आहे.”

शनिवारभर ते पट्टीसाठी फोन करत होते. रविवारी सकाळी ताईंनी माझी लोंबती चेन परकराच्या जुन्या नाडीने बांधली आणि कोणाला न सांगता मला ढकलत निघाल्या. थेट नालासोपारा. ऊन असं, की माझं सीट हाताला पोळत होतं. ताईंचा गुडघा सुजला होता. त्या मधूनमधून माझ्यावर भार टाकून उभ्या राहत. एरवी मी त्यांना न्यायचे, आज त्या मला नेत होत्या. याहून लाजिरवाणा प्रवास मी केलेला नाही.

स्टेशनपलीकडे शत्रुघ्नचं दुकान होतं. कामगारांच्या मोडक्या सायकलींचे भाग तिथे खोक्यात पडलेले. त्याने मला उलटंसुलटं बघून सात चकत्यांच्या सायकलीचा एक मोठा गिअर बसवला आणि म्हणाला, बसा ताई, एकदम झकास. ताई बसल्या नाहीत. त्यांनी मागचं चाक उचलायला लावलं, खटका हलक्या चकतीवर ओढला आणि हाताने पॅडल फिरवलं. टिक, टिक, टिक.

“थोडा आवाज चालतो ताई, नवीन आहे ना.”

“हाच आवाज होता,” ताई म्हणाल्या. “काढा.”

त्याने स्क्रू पिळून पाहिला, तेल सोडलं, शिव्या दिल्या. तो हात स्पोकला चिकटायचं सोडेना. दुकान बंद करायची वेळ झाली. तोही वैतागला, गिअर काढूनच टाकू म्हणाला. माझा जीव चेनमध्ये होता, आणि चेन जमिनीवर होती. ताई खाली बसल्या आणि स्वतःच खोक्यात हात घालून चाचपू लागल्या. तळाशी एका लहान मुलींच्या सायकलीचा गिअर सापडला. गंजलेला, पण नटाखाली बसणारी पट्टी त्याला शाबूत होती.

“हा छोट्या चकतीवर जाणार नाय,” शत्रुघ्न म्हणाला. “फास्ट पळायची नाय सायकल.”

“मला पळायचं नाही. चढायचंय.”

बसवला. मोठ्या तीन चकत्यांवर चेन गेली, धाकट्या दोन्हींवर गेली नाही. आवाज आला नाही.

सोमवारी टँकर उशिरा आला. ताई भरल्या बादल्या तशाच टाकून निघाल्या. पुलावर तो गंजका हात कुरकुरत होता आणि मी मनात म्हणत होते, आज तुटू नकोस, उद्या काय वाटेल ते कर.  त्या गुणगुणत नव्हत्या, श्वास मोजत होत्या. आम्ही चढलो.

बालवाडीच्या ओट्यावर एक तरुण मुलगी नवी पर्स मांडीवर घेऊन बसली होती. आत प्रार्थना सुरू व्हायची होती. कार्मिनबाईंनी ताईंकडे पाहिलं, ताईंच्या काळ्या झालेल्या हातांकडे पाहिलं, आणि म्हणाल्या, “हात धुवा टीचर, पोरं थांबलीयत.” ती मुलगी उठून गेली. तिचीही कोणीतरी घरी वाट बघत असेल. तिलाही चालतच यावं लागलं होतं का, ते मी पाहिलं नाही.

ताई निवृत्त होईपर्यंत तोच गिअर टिकला. ओरिजिनल अजून घरात शोकेसमध्ये आहे, काचेच्या बदकांशेजारी. दिवाळीला तो पुसला जातो. पाहुणे आले की जयवंतराव डबा उघडून दाखवतात आणि म्हणतात, आता असा माल मिळत नाही.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. आमच्यावर स्कूटर टेकवू नका. पावसाळ्यानंतर चेनला चार थेंब तेल द्या. आणि जिच्यासाठी काही आणायला जाल, तिला सोबत न्या. हे फक्त सायकलींना लागू आहे, असं जयवंतराव अजूनही समजतात.