हळद, चुना आणि गोपिकाबाईंची गाठ

त्या सकाळी नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या गल्लीत स्कूटर शिरायलाही जागा नव्हती. सुरीशिवाय, बेशुद्ध न करता गाठ काढणारे बाबा आले होते! शेजारच्या गोपिकाबाईंच्या स्तनात कॅन्सरची गाठ निघाली होती. ऑपरेशन ठरलं होतं, पण दम्यामुळे बेशुद्ध व्हायची त्यांना भारी धास्ती. म्हणून त्या सरळ बाबांसमोर जाऊन आडव्या झाल्या.

बाबांनी त्यांच्या पदरावर पांढरं फडकं अंथरून ‘हिमालयातला पिवळा लेप’ फासला. “डोळे मिट, माय! सुरी डॉक्टरले लागते, मले मंत्र पुरते!” ओला हात फिरवताच फडकं लालभडक झालं. मुठीतून लिबलिबीत गाठ निघाली. गल्लीनं हात जोडले. बाबांनी गाठ लगेच बादलीत बुडवली. पाहणाऱ्याचे डोळे जातात म्हणे. दक्षिणा गोळा करून बाबा गेले आणि आमच्या मांजरीनं बादलीतली गाठ ओढून काढली. कोंबडीची कलेजी होती. मांजरीचे डोळे अजून शाबूत आहेत.

दुसऱ्या दिवशी आंघोळ करताना गोपिकाबाईंच्या हाताला गाठ लागली. तीच, तिथंच.

“देवकी, गाठ तर हाये तशीच हाये वं!” त्या मला म्हणाल्या आणि रडायला लागल्या.

मला संताप आला, बाबाचा आणि आमच्या शिकल्यासवरल्या गल्लीचाही. मी त्यांना धंतोलीत डॉक्टर नूपुर यांच्याकडे नेलं.

“दमा आहे ना? मग पूर्ण बेशुद्ध नको. गाठ लहान आहे, तेवढाच भाग बधिर करू. संध्याकाळी घरी.”

“तुम्ही बी मंत्र मारता काय?”

“नाही. इंजेक्शन देते.”

ऑपरेशन चालू असताना गोपिकाबाई नर्सला सावजी रश्शाचा मसाला सांगत होत्या. संध्याकाळी पट्टी बांधून ऑटोतून उतरल्या, तर गल्ली पुन्हा हजर.

“बाबांनीच गाठ सैल केली होती!” एक म्हणाला. “डॉक्टरीणबाईच्या अंगात देवी हाये!” दुसरा नारळच घेऊन आला.

गोपिकाबाई खाटेवर टेकल्या. मला पांढऱ्या फडक्यावर ओली हळद लावायला सांगितली. “विक्रम, पानठेल्यावरचा चुना आण गा.” गल्लीतलं ते पोरगं धावत चुना घेऊन आलं. चुन्याचं बोट फिरलं आणि फडकं लाल झालं.

“हे पाहा माझं रक्त! घरोघरी हळद-चुन्याचं कुंकू करत होतो नं आपण? मंग बाबासमोर अक्कल कुठं गेली होती? माझ्यासकट!”

नारळवाल्यानं नारळ पाठीमागे लपवला.

“देवीबिवी काही नाही. गाठ लहान होती म्हणून असं जमलं. अजून रेडिएशनचा शेक घ्यायचा हाये, गोळ्या हायेत. बाबाच्या भरवशावर राहिली असती तर गाठ वाढत गेली असती. छातीत हाताले काही लागलं तर लपवू नका वं, डॉक्टरले दाखवा.”

गर्दीत मागं उभ्या असलेल्या शेजारच्या सरितानं पदर घट्ट ओढला. हळूच विचारलं, “देवकी, उद्या मले नेशील?”

“उद्या काहून?” गोपिकाबाई म्हणाल्या. “दवाखाना अजून उघडा हाये. चप्पल घाल.”