आईचे क्लिक

टक् टक् टक् करत चकती पार शेवटाला जाऊन अडली, तेव्हा कुठे मिस्त्रींच्या लक्षात आलं की आपल्या हातांनी काय करून ठेवलं. वरची चकती तर त्याआधीच फिरवून झाली होती. किती क्लिक झाले ते मोजलेही नव्हते. मोजायचे कशाला? छत्तीस वर्षांत कधी मोजले नव्हते. रायफल टेबलावर आली की आधी मागची साइट दोन्ही अंगांनी शेवटाला न्यायची, आट्यांत तेल सोडायचं, फडक्याने गंज पुसायचा, मग मधोमध आणून ठेवायची, ही त्यांची रीत. आणि हातात मुरलेली रीत डोक्याला विचारायला थोडीच येते?

आतल्या खोलीत लेक गुणगुणत होती. आई गेल्यापासूनच्या चौदा महिन्यांत पहिल्यांदा. तेच ऐकत बसले होते मिस्त्री. ऐकता ऐकता बरं वाटलं, आणि बरं वाटता वाटता हात कामाला लागले. सत्यानाश!

मागची साइट म्हणजे डोळ्यासमोर येणारं, बारीक भोकाचं एक गोल पातं. ते वर-खाली आणि डावी-उजवीकडे सरकवायला दोन चकत्या असतात. एका क्लिकला पातं केसभर सरकतं. रायफल एकच असली तरी प्रत्येकाची नजर वेगळी, गाल टेकवायची जागा वेगळी, म्हणून प्रत्येकाचे क्लिकही वेगळे. या साइटवर मिस्त्रींच्या बायकोचे क्लिक होते. शेवटची गोळी झाडली तेव्हा तिने जसे ठेवले होते, तसेच्या तसे. आता नव्हते.

त्यांनी भिंग लावून पाहिलं. जिथवर पातं झाकत होतं तिथवरची पट्टी चकचकीत आणि पुढची गंजलेली, अशी एक रेघ तिथे नक्की असणार होती. त्या रेघेवरून सगळं परत लावता आलं असतं. पण रेघ कुठली राहायला? ती फडक्याने पुसून काढली होती ना त्यांनीच, अगदी मन लावून. टेबलावर फडकं पडलं होतं, त्यावर तांबूस डाग. मिस्त्री वेड्यासारखे त्या डागाकडे बघत राहिले.

"बाबा, चहा." लेक कप घेऊन आली आणि दारातच थांबली. "झाली वाटतं? अगंबाई, काय दिसतेय! लाकूड तर बघा!"

"हो. म्हणजे, होत आलीय."

"साइटला हात नाही ना लावलात?"

"नाही."

शब्द तोंडातून गेला सुद्धा. त्यांनी कप हातात घेतला. न पिताच तो टेबलावर ठेवून दिला.

नेमबाजीच्या क्लबात या माणसाला सगळे 'चिमटा' म्हणत, अर्थात पाठीमागे. खिशात कायम चिमटा, कायम फडकं. लोक रायफल दुरुस्तीला टाकायचे आणि परत नेताना ओळखायचे नाहीत, इतकी ती लख्ख झालेली असायची. बायको टपालात पार्सलच्या खिडकीवर होती. दर रविवारी क्लबात येऊन पालथी पडून नेम धरायची आणि भल्याभल्यांची तोंडं बंद करायची. तिची रायफल साधी, एका वेळी एकच काडतूस घेणारी, वयाने मिस्त्रींपेक्षा दोन वर्षांनी मोठी. बायको म्हणायची, "माझ्या घरात दोन जुनी धुडं आहेत. एक बोलतं, एक बोलत नाही. जे बोलत नाही ते वेळेवर काम करतं." मिस्त्री यावर नुसते हसायचे, कारण खरंच होतं ते.

ती गेली आणि आठवडा उलटायच्या आत मिस्त्रींनी घर धुऊन काढलं. त्यांना दुसरं काही सुचतच नव्हतं. उशीचे अभ्रे धुतले, तिचं नेमबाजीचं जाड जाकीट धुतलं, चष्म्याच्या काचा पुसून तो डबीत ठेवला, फण्या साबणाच्या पाण्यात बुडवल्या. लेक आली. तिने कपाट उघडलं, जाकिटात तोंड खुपसलं, आणि ते तसंच धरून बापाकडे वळली.

"साबणाचा वास येतोय याला," ती म्हणाली. "बाबा, आईचा वास होता हो यात. तेवढाच राहिला होता. तुम्हाला सगळं पुसायचंच असतं का?"

चार महिने ती बापाशी बोलली नाही. नंतर बोलली तीही कामापुरती. औषध घेतलं का, विजेचं बिल भरलं का, एवढंच. परवाना लेकीच्या नावावर होईपर्यंत रायफल सरकारी कोठारात पडून होती. वर्षभराने हातात आली ती ओल धरून, नळी आतून लाल, लाकडाला बुरशी. लेक ती पेटी उराशी धरून सरळ बापाच्या टेबलापाशी आली.

"सगळं करा," ती म्हणाली. "नळी करा, लाकूड करा, घोडा करा. फक्त मागच्या साइटला हात लावू नका. आईने शेवटचं जिथून बघितलं, तिथून मला एकदा बघायचंय. मग पुन्हा कधी काही मागणार नाही मी तुमच्याकडे."

"नाही लावत," मिस्त्री म्हणाले होते. त्यांना लेक परत मिळत होती, ते कशाला नाही म्हणतील?

तीन आठवडे जीव ओतून काम केलं त्यांनी. नळीतून कापडाच्या चिंध्या ओढून ओढून, शेवटची चिंधी पांढरी निघेपर्यंत. घोड्याची पिन काढून तपासली. या छोट्या काडतुसांच्या बुडाच्या कडेवरच पिन आदळते. काडतूस न घालता उगाच घोडा ओढला तर तीच पिन नळीच्या मागच्या तोंडावर आपटते आणि तिथे खाच पडते. कोठारातल्या कुणीतरी वेळ जाईना म्हणून वर्षभर तेच केलं असावं. मिस्त्रींनी त्या माणसाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि बारीक दट्ट्या आत घालून ती खाच दोन दिवस हलक्या हाताने सारखी केली. लाकडाला जवसाचं तेल तळहाताने चोळलं. लेक संध्याकाळी बाजूला स्टूल घेऊन बसायला लागली. आधी नुसती बसली. मग विचारायला लागली, हे काय, ते काय. एकदा तर हसली सुद्धा. सगळं होऊन फक्त साइट राहिली होती, आणि तिला हात लावायचाच नव्हता.

चहा निवून गेला. मिस्त्री आठवायला बसले. बायको शेवटची क्लबात आली तेव्हा तिला धड पालथंही पडवत नव्हतं. गोळी कुठे लागते ते बघायला दुर्बिणीला मिस्त्रीच होते. "डावीकडे दोन घे," असं आपण म्हणालो होतो, हे त्यांना लख्ख आठवत होतं. तिने घेतले का? की नेहमीसारखं "गप्प बसा हो, डोळा माझा आहे" म्हणाली आणि तशीच झाडली? हे काही केल्या आठवेना. क्लिक ती कधी लिहून ठेवायची नाही. म्हणायची, डोळ्याला माहीत आहे, वहीला कशाला सांगू?

साइट मधोमध ठेवली तर लेकीला एका नजरेत कळलं असतं. मिस्त्र्याचीच पोर ती. शेवटी त्यांनी मनाशी एक आकडा धरला. मधोमधपासून वर चौदा, डावीकडे सहा. कुठून आला आकडा? कुठूनच नाही. एकेक क्लिक मोजत त्यांनी चकत्या फिरवल्या. बायकोच्या सहीची नक्कल करत असल्यासारखं वाटलं त्यांना.

रविवारी सकाळी क्लबला जाताना सांगून टाकायचं, असं ठरवून ते घराबाहेर पडले. पण लेकीने आईचं ते धुतलेलं जाकीट अंगात घातलं होतं आणि ती वाटभर बडबडत होती. लहानपणी आई बाही धरून चटईवर कशी पालथी झोपवायची, श्वास सोडून मग बोट दाब म्हणून कशी कानात कुजबुजायची. मिस्त्री दोनदा म्हणाले, "अगं, ऐक ना." दोन्ही वेळा ती म्हणाली, "हं, बोला ना बाबा," आणि दोन्ही वेळा ते म्हणाले, "काही नाही, रस्ता बघून चाल."

मैदानावर सुभेदार होता. खरं तर तो फौजेत नाईकच होता, पण मिशांमुळे क्लबाने त्याला बढती दिली होती. रायफल बघून त्याने कपाळाला हात लावला.

"मिस्त्री, ही बाईंची? अहो, ही तर लग्नाला निघालीय! कुणाला द्यायची झाली तर आधी मला सांगा."

"तुम्हाला दिली तर मिशा अडकतील साइटमध्ये," लेक म्हणाली, आणि सुभेदार खो खो हसला.

ती चटईवर पालथी पडली. पट्टा दंडाला आवळला, गाल लाकडाला टेकवला आणि त्या बारीक भोकातून बघू लागली. कितीतरी वेळ नुसतीच बघत राहिली. दुर्बिणीशी बसलेल्या मिस्त्रींना तिची पाठ हलताना दिसली. ती रडत होती.

"होऊ दे सावकाश," सुभेदार हळूच म्हणाला आणि दुसरीकडे तोंड करून उभा राहिला.

मग पाच गोळ्या झाल्या, मध्ये चांगलं अंतर ठेवून. समोरच्या निशाणाच्या कार्डावर पाचही एकाच जागी, बाटलीच्या बुचाएवढ्या जागेत. पण मधल्या ठिपक्यापासून तीन बोटं डावीकडे, जराशा खाली.

"नेम झकास आहे पोरीचा!" सुभेदार ओरडला. "साइट तेवढी उजवीकडे घ्या, पाचच्या पाच मधोमध पडतील."

"नाही!" लेक ताडकन उठून बसली. "कुणी हात लावायचा नाही साइटला. सुभेदारकाका, ही आईची आहे."

कार्ड काढून आणलं तसं तिने ते मांडीवर पसरलं. एक बोट मधल्या ठिपक्यावर ठेवलं, एक त्या पाच भोकांवर.

"बघा बाबा. आईला इथे दिसायचं. मला इथे दिसतं. एवढंच अंतर आहे आमच्यात. तीन बोटं." नाक पुसून ती हसली. "मी त्या भोकातून बघितलं ना, तर वाटलं ती माझ्या आतून बघतेय. खरंच वाटलं हो. मला वाटलं होतं की ती आता कुठेच नाही राहिली. तुमच्यावर फार राग धरला मी. चुकलं माझं."

"नाही गं. तुझं काही नाही चुकलं."

"चुकलं. तुम्ही निदान हे तरी ठेवलंत माझ्यासाठी."

मिस्त्रींची नजर त्या पाच भोकांवर होती. हीच वेळ होती. आता सांगितलं नाही तर कधीच सांगता येणार नाही, हे त्यांना लख्ख दिसत होतं. आणि सांगितलं तर मांडीवरच्या त्या कार्डाचं काय होईल, तेही दिसत होतं.

लेक पर्समध्ये काहीतरी शोधत होती. तिने नेलपॉलिशची बाटली काढली, लाल रंगाची.

"धरा जरा घट्ट," तिने रायफल बापाच्या हातात दिली.

"काय करतेस?"

"थेंब लावते दोन्ही चकत्यांवर. वाळलं की हलायच्या नाहीत. चुकून कुणाचा हात लागला तरी आईचे क्लिक तसेच राहतील."

ती गुडघ्यांवर बसली, जिभेचं टोक दातांत धरून. वरच्या चकतीच्या कडेला एक थेंब. मग उजवीकडच्या चकतीला एक. थेंब ओघळू नये म्हणून तिने खालून बोट धरलं आणि फुंकर घालू लागली.

"अगं पोरी," मिस्त्री म्हणाले. "मला तुला..."

"हलू नका ना बाबा. वाळू दे."

मिस्त्री हलले नाहीत. दोन्ही हातांनी रायफल धरून, पातं रेसभरही सरकणार नाही अशी, ते उन्हात उभे राहिले.